सिममधले टायर किती खरे, आणि आपण आपापल्या सिमची बाजू इतकी का घेतो?

सडेकर (रत्नागिरी)

रेसिंग सिमवरचा (म्हणजे खऱ्या गाडीसारखं चालवायला लावणाऱ्या कॉम्प्युटर खेळावरचा) कुठलाही वाद शेवटी टायरपाशी येऊन अडतो. ग्राफिक्स, आवाज, गाड्यांची यादी यांवर माणसं लवकर समेट करतात. पण 'तुझ्या सिममधले टायर खोटे' असं कुणी म्हटलं की जुनी मैत्रीसुद्धा पणाला लागते. याचं कारण मला माणसांच्या हट्टापेक्षा टायरच्या स्वभावात जास्त दिसतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळू नका.

गाडी रस्त्याला टेकते ती फक्त चार ठिकाणी. १२०० किलोची गाडी धरा, म्हणजे प्रत्येक चाकावर साधारण ३०० किलो. टायरमध्ये ३२ पीएसआय हवा. भागाकार केला की एका टायरचा रस्त्याला टेकलेला भाग १३० ते १३५ चौरस सेंटिमीटर निघतो, म्हणजे पसरलेल्या पंजाएवढा. ब्रेक, वळण, वेग, सगळं त्या चार तुकड्यांवर चालतं.

वळताना टायरचं तोंड जिकडे असतं, नेमका तिकडेच तो जात नाही. रबर पिळवटतं आणि दोन दिशांत थोडा कोन पडतो. हाच स्लिप अँगल. तो वाढू लागला की पकड आधी झपाट्याने वाढते, मग तिचा जोर मंदावतो. रस्त्यावरच्या साध्या टायरला साधारण ८ ते १२ अंशांच्या आसपास शिखर येतं आणि तिथून पुढे पकड उतरू लागते. रेसच्या स्लिक, म्हणजे बिननक्षीच्या टायरला हे शिखर बरंच आधी येतं. त्यात आणखी एक गुंता आहे. चाकावरचा भार दुप्पट केला तरी पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच भरते. म्हणूनच वळणात भार बाहेरच्या चाकांवर गेला की आतल्या-बाहेरच्या जोडीची मिळून पकड घटते. गाडीचं सगळं सेटअप या एका गोष्टीवर उभं आहे.

हे समीकरणात बसवण्याचं सर्वांत गाजलेलं काम नेदरलँड्सच्या डेल्फ्ट विद्यापीठातल्या हान्स पाचेका यांचं. व्होल्वोच्या अभियंत्यांबरोबर त्यांनी १९८७ मध्ये जे समीकरण मांडलं, ते पुढे 'मॅजिक फॉर्म्युला' नावानेच ओळखलं गेलं. बी, सी, डी, ई हे चार आकडे त्यात घातले की रेषेचा चढ, आकार, शिखर आणि शिखराजवळची गोलाई मिळते. रबर का घसरतं, हे त्यात सांगितलेलं नाही. मशिनवर मोजलेल्या ठिपक्यांमधून जाणारी ती एक नेटकी रेषा आहे.

माझा मुद्दा इथून सुरू होतो. मशिनवर टायर साधारण १२ ते १५ अंशांपर्यंत मोजतात, कारण त्यापुढे तो भराभर तापतो आणि झिजतो. आपण सिममध्ये ३० अंश, ४० अंश आडवे जातो, गोल फिरतो, उलटे घसरतो. त्या पट्ट्यात मोजलेले ठिपके जवळजवळ नसतातच. सिम लिहिणाऱ्याला रेषा अंदाजाने पुढे ओढावी लागते. आणि आपली भांडणं नेमकी त्याच पट्ट्यावर! 'गाडी सुटली तर सावरते का', 'मागचं चाक गेलं की परत येतं का', हे सगळे प्रश्न शिखराच्या पलीकडचे. तिथे कुणाकडेच भक्कम पुरावा नाही, म्हणून जो तो आपल्या सिमची शपथ घेतो.

'जे अवघड ते खरं' हे मला अजिबात मान्य नाही. शिखर ओलांडल्यावर खऱ्या टायरची पकड एकदम नाहीशी होत नाही. सुक्या रस्त्यावर तर बऱ्यापैकी शिल्लक राहते. हा समज कुठून आला याचा माझा अंदाज असा: १९९८ मध्ये पपायरस कंपनीचं 'ग्रां प्री लेजंड्स' हे सिम आलं. १९६७च्या मोसमातल्या गाड्या, सुमारे ४०० अश्वशक्ती, गाडी रस्त्यावर दाबून धरणारे पंख नाहीत, टायर अरुंद आणि टणक. पहिल्या वळणालाच लोक फिरत. ते सिम अवघड होतं कारण त्या गाड्याच तशा होत्या. पण त्यातून आपल्या डोक्यात समीकरण बसलं ते 'अवघड म्हणजे अस्सल' हेच.

तर विचारतो: तुम्ही सिममधला टायर कसा पारखता? 'फील येतो' एवढ्यावर थांबू नका. काय केलं, काय झालं, ते लिहा.

बंदरावरचा (मालवण)

सविस्तर लिहिलंत, बरं वाटलं. मी 'लाइव्ह फॉर स्पीड'वाला आहे, हे इथल्या जुन्या लोकांना सांगायला नको. माझी बाजू मांडतो.

आमच्याकडे नेट नावालाच होतं, तेव्हा त्याचा डेमो सीडीवर फिरायचा. ब्लॅकवूडचा ट्रॅक आणि मोजक्या गाड्या, तेही फुकट. साध्या कॉम्प्युटरवर चालायचा. पण मी त्याच्यापाशी थांबलो ते फुकट होता म्हणून नव्हे. त्यात टायर उघडून दाखवलेला होता. एक बटन दाबलं की चारही टायरांचं तापमान आतली कड, मधला भाग, बाहेरची कड असं वेगवेगळं दिसतं. चाक लॉक करून घासत नेलं की टायरवर सपाट जागा पडते आणि नंतर ती स्टिअरिंगमध्ये धडधडते. गवतात गेलं की माती चिकटते, परत रस्त्यावर आल्यावर थोडा वेळ पकड कमी असते. कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, बदलला की आतली कड तापते, हे मी पुस्तकात नाही, तिथे शिकलो.

बनवणारी माणसं तीन. २००३ मध्ये पहिला टप्पा, २००५ मध्ये दुसरा. पुढे फोक्सवॅगन सिरोको जाहीर झाली आणि टायरच्या गणिताचं काम मधे आल्यामुळे अडकली ती अडकलीच. लोक वर्षानुवर्षं थांबले. बाहेरून बघणाऱ्याला हा वेडेपणा वाटतो. मला त्यात प्रामाणिकपणा दिसतो. गणित पटत नाही तोवर गाडी देणार नाही, असं म्हणणारा माणूस असेल तर त्याच्यासाठी मी थांबेन. सडेकर, तुम्ही निष्ठेला पुराव्याच्या अभावाचं फळ ठरवलंत. माझी निष्ठा मला जे दाखवलं गेलं त्यातून आली आहे.

परशुरामघाट (चिपळूण)

बंदरावरचा, तुमच्याबद्दल आदर ठेवून लिहितो. उघडून दाखवलेला टायर खरा असतोच असं नाही. तीन रंगांत तापमान दिसतं म्हणजे आतलं गणित बरोबर आहे, हे कशावरून?

मी आयरेसिंगवर आहे. २००८ पासूनचं सिम, डेव्ह केमर यांचं. 'ग्रां प्री लेजंड्स' ज्यांनी केलं तेच. पुढे त्यांनी मोजलेल्या रेषेवर विसंबणं सोडून रबराचं आणि टायरच्या सांगाड्याचं भौतिक गणित मांडायला घेतलं आणि २०११ मध्ये नवा टायर आला. त्यानंतर तो किती वेळा बदलला, विचारू नका. आणि मला खटकतं ते हेच. प्रत्येक बदलानंतर आमच्यातलेच लोक लिहितात, 'आता अगदी खऱ्यासारखं झालं.' अरे, मागच्या बदलालाही हेच लिहिलं होतंत! तेव्हाचा टायर खरा होता तर बदलला का, आणि खोटा होता तर तेव्हा बोललात का नाही? मी हे माझ्याच सिमच्या लोकांना विचारतो, दुसऱ्यांना नाही.

माझं तिथे राहण्याचं कारण टायर नाही. शर्यती वेळेवर भरतात, शेजारून जाणारा माणूस धक्का देत नाही, दिला तर त्याच्या खात्यावर नोंद होते. महिन्याचे पैसे, वर बहुतेक गाड्यांचे आणि ट्रॅकचे वेगळे. पावसाळ्यात नेट गेलं की सगळं बंद, कारण ते ऑफलाइन चालतच नाही. तरीही मी आहे. पण पैसे घातले म्हणून 'आमचाच टायर अस्सल' असं मी म्हणणार नाही. एवढं वेगळं ठेवता आलं पाहिजे.

टायरवाले काका (कुडाळ)

मी हायवेर टायरचा दुकान चालवतंय. ह्या गणितातला माका काय कळना नाय, पण टायर हातात घेतलो काय गाडी खयच्या रस्त्यार फिरता ता सांगतंय. आंबोलीचो घाट रोज वर-खाली करणाऱ्या गाडयेचो पुढचो टायर भायल्या कडेन आधी झिजता. हवा जास्त भरली तर मदी झिजता, कमी असली तर दोनय कडांनी झिजता.

सगळ्यात वायट पयलो पाऊस. उनाळाभर रस्त्यार धूळ, तेल, रबर बसलेला असता. वरसून थोडोसो पाऊस पडलो काय तेचो चिकट लेप होता. धो-धो पडान रस्तो धुवान गेलो काय परत बरा. तसाच मासळीच्या गाडयेतला पाणी. ता वळणार सांडला काय दुचाकीवालो पडलोच समजा.

तुमच्या गेमात ह्या सगळा दाखवतत काय? तेवढा सांगा.

सडेकर (रत्नागिरी)

काका, तुमचा एक प्रतिसाद आमच्या सगळ्या गणिताला पुरून उरला. थोडं थोडं दाखवतात. आरफॅक्टर २ मध्ये गाड्या फिरतील तसं रबर रस्त्यावर बसत जातं आणि पकड वाढते. असेत्तो कोर्सा कॉम्पेटिझिओनेमध्ये पहिल्यापासून पाऊस आहे. आयरेसिंगमध्ये तो २०२४च्या मार्चमध्ये आला. ट्रॅकवर सुक्यात जी चांगली रेषा असते, तीच ओल्यात रबरामुळे गुळगुळीत होते. म्हणून पावसात ड्रायव्हर ती सोडून बाहेरून जातात. तुम्ही सांगितलेल्या लेपाशी हे बरंच जुळतं. मासळीचं पाणी मात्र कुणीच दाखवत नाही.

परशुरामघाट, तुमचा प्रश्न छापून लावावा असा आहे.

स्पॅनरताई (रत्नागिरी)

मी इंजिनिअरिंगला आहे, कॉलेजच्या फॉर्म्युला स्टुडंट (विद्यार्थ्यांनी स्वतः रेसगाडी बनवायची स्पर्धा) टीममध्ये सस्पेन्शन बघते. टायरचे मोजलेले आकडे प्रत्यक्ष हाताळते, म्हणून लिहिते.

अमेरिकेत कॅलस्पॅन या चाचणी केंद्रात सपाट फिरत्या पट्ट्यावर टायर दाबून मोजतात. विद्यार्थी टीमना त्या मोजणीचे आकडे एका गटामार्फत थोड्या पैशांत मिळतात. सडेकर दादांनी १५ अंशांबद्दल लिहिलं ते बरोबर आहे. पण मोजलेल्या भागातही एक मेख आहे. तो पट्टा सँडपेपरसारखा खरखरीत असतो, त्यामुळे तिथली पकड अवास्तव जास्त येते. खऱ्या ट्रॅकसाठी आम्ही ती सुमारे दोन तृतीयांशावर आणतो. म्हणजे शिखराची जागा मोजलेली असली तरी उंची आपणच ठरवतो! आकडे हातात असलेल्या माणसाची ही अवस्था. त्यामुळे एखाद्या सिमची पकड १० टक्के जास्त वाटते म्हणून त्याला खोटं ठरवू नका. तेवढा फरक तर रस्ता बदलला की पडतो.

मी पकड किती आहे ते पारखत नाही, ती कोणत्या क्रमाने जाते ते बघते. टायर बाजूला जोर लावतो तो टेकलेल्या भागाच्या मध्याच्या किंचित मागे. त्यामुळे स्टिअरिंग स्वतःहून सरळ व्हायला बघतं. स्लिप अँगल वाढला की हा जोर पुढे सरकत जातो आणि सरळ करणारी ताकद पकडीच्या शिखराच्या आधीच उतरायला लागते. साध्या भाषेत, पुढची चाकं सुटण्याआधी स्टिअरिंग हातात हलकं पडतं. हा खऱ्या टायरचा इशारा आहे. तुमच्या सिममध्ये येतो का बघा.

कृती सोपी आहे. मोठं मोकळं मैदान असलेला ट्रॅक घ्या, ठरावीक वर्तुळात गाडी फिरवा, वेग अगदी हळूहळू वाढवा. स्टिअरिंगचं वजन आधी वाढायला हवं, मग कमी व्हायला हवं, आणि त्यानंतर गाडीचं तोंड बाहेर जायला हवं. वजन शेवटपर्यंत वाढतच राहिलं, किंवा तोंड गेल्यावर मग हलकं झालं, तर काहीतरी चुकतंय. मात्र आधी फोर्स फीडबॅकचे (व्हीलमधून हाताला जाणवणाऱ्या जोराचे) वरून घातलेले इफेक्ट बंद करा. कर्बची (ट्रॅकच्या कडेच्या पट्टीची) खरखर, रस्त्याचा थरथराट असलं सगळं. नाहीतर टायरचं बोलणं ऐकूच येत नाही.

दुसरी चाचणी ब्रेकची. वळणात ब्रेक दाबलात तर वळायची पकड कमी व्हायलाच हवी, कारण टायरकडे एकूण पकड ठरलेली आहे आणि ती दोघांत वाटायची आहे. काही जुन्या सिममध्ये ही वाटणी ढिली आहे. पूर्ण ब्रेक दाबूनही गाडी निमूट वळते. तिथे मी लगेच थांबते.

नवखा_गिअर (सावंतवाडी)

सगळं वाचलं, निम्मं कळलं. माझ्याकडे स्टिअरिंग व्हील नाही, गेमपॅड आहे. लॅपटॉप जुना. मग मला टायरचं काहीच कळणार नाही का?

स्पॅनरताई (रत्नागिरी)

कळेल. ब्रेकची चाचणी गेमपॅडवरही होते, डोळ्यांनीच बघायची आहे. स्टिअरिंगची तेवढी राहू दे. आवाजही ऐक. टायर किंचाळायला लागतो तो शिखराच्या जवळ, आणि बऱ्याच सिममध्ये तो आवाज थेट स्लिपला जोडलेला असतो. व्हीलसाठी घाई करू नकोस. घेशील तेव्हा खाऱ्या हवेचा विचार कर. समुद्राजवळ क्लॅम्पचे स्क्रू आणि पेडलच्या स्प्रिंगा गंजतात, वापरून झाल्यावर झाकून ठेवायची सवय लाव.

चाकरमानी (सध्या डोंबिवली, गाव देवगड)

'रिचर्ड बर्न्स रॅली'चं नाव अजून कुणी घेतलं नाही, याचं नवल वाटलं. २००४चा खेळ. ज्याच्या नावाने आला तो २००१चा जगज्जेता २००५ मध्ये गेला. बनवणारी कंपनीही लवकरच बंद झाली. म्हणजे नवा टायर देणारं, चुका दुरुस्त करणारं कुणीच उरलं नाही. रीतीप्रमाणे हा खेळ तिथेच संपायला हवा होता.

झालं उलटं. लोकांनी तो आतून उघडला. भौतिकशास्त्राचा भाग नव्याने लिहिला. एनजीपी नावाने तो ओळखला जातो आणि आज गंभीरपणे खेळणारे तोच वापरतात. नवे रस्ते केले, नव्या गाड्या केल्या, ऑनलाइन स्पर्धा उभ्या केल्या. हंगेरीतल्या लोकांनी सुरू केलेल्या रॅलीसिमफॅन्सवर हे सगळं फुकट मिळतं. खडीवर टायर खडी बाजूला सारत खालच्या टणक थरापर्यंत जातो आणि तिथे पकड घेतो. त्यामुळे तिथे डांबरापेक्षा जास्त कोनात गाडी आडवी टाकावी लागते. हे ज्यांनी आमच्या सड्यावरच्या जांभ्याच्या कच्च्या रस्त्यांवर गाडी चालवली आहे, त्यांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

निष्ठेबद्दल मला एवढंच म्हणायचं आहे. या खेळावर प्रेम करणाऱ्यांनी 'आमचा टायर खरा' असं म्हणत बसण्याऐवजी 'आमचा टायर इथे चुकतोय' असं म्हटलं आणि तो बदलला. मूळ लेखकांच्या कामाचा मान ठेवून बदलला. माझ्या लेखी याहून मोठी निष्ठा नाही. गणपतीत घरी येतो तेव्हा रात्री आरती-भजन आटोपल्यावर चुलतभावांबरोबर हाच खेळ चालतो, आणि वीस वर्षांनीही त्यातल्या एखाद्या वळणावर कुणाची तरी गाडी दरीत जाते आणि घरभर ओरडा होतो.

बंदरावरचा (मालवण)

चाकरमानी, मान्य. ताईंची वर्तुळाची चाचणी मी आज करून बघितली. लाइव्ह फॉर स्पीडमध्ये स्टिअरिंग आधी हलकं होतं, मग तोंड जातं. क्रम बरोबर आला. मात्र गाडी खूप आडवी गेल्यावर, कमी वेगात, टायर जरा जास्तच धरून ठेवतो असं मला पूर्वीपासून वाटतं. ते आज पुन्हा जाणवलं. माझ्या आवडत्या सिमबद्दल हे लिहायला मला जड जात नाही. हे बदलावं म्हणूनच तर इतकी वर्षं थांबलोय.

परशुरामघाट (चिपळूण)

मीही केली. क्रम बरोबर. पण टायर थोडा जास्त तापला की पकड ज्या गतीने उतरते, ती मला अजून पटत नाही. इथे लिहून ठेवतो. पुढचा बदल आला की हाच प्रतिसाद काढून तपासा.

सडेकर (रत्नागिरी)

बंदरावरचा, तुमचं आधीचं म्हणणं मला पटलं. पुरावा नाही म्हणून निष्ठा, हे सगळ्यांना लागू होत नाही.

आता मूळ मुद्दा पुढे नेतो. मी असेत्तो कोर्सासाठी घाटातल्या एका रस्त्याचा ट्रॅक बनवतोय. आकार, चढ, वळणं होत आली आहेत. त्यात प्रत्येक पृष्ठभागाला पकडीचा एक आकडा द्यावा लागतो. चांगल्या डांबराला ०.९८ च्या आसपास देतात. काकांनी सांगितलेल्या पहिल्या पावसाच्या लेपाला काय द्यायचा? तुंबलेल्या पाण्याचं गणित मिळतं. १९६०च्या दशकात नासाने विमानांच्या टायरवरून काढलेल्या सूत्राने, ३२ पीएसआय हवा असेल तर साधारण ताशी ९४ किलोमीटरला टायर पाण्यावर तरंगू लागतो. हवा २० वर आली तर ७५ लाच. पण ते खोल पाण्याचं. लेप पातळ असतो, तिथे हे सूत्र लागू नाही.

टायरवाले काका (कुडाळ)

आकडो माका सांगूक येवचो नाय. पण सुक्या रस्त्यार गाडी जितक्यात थांबता, तेच्या दीडपट तरी पयल्या पावसात लागतला. नक्षी झिजलेली आसली तर आणखी.

स्पॅनरताई (रत्नागिरी)

काकांनी दिला की आकडा! थांबायचं अंतर पकडीच्या व्यस्त प्रमाणात असतं. ताशी ४० किलोमीटरला सुक्यावर ०.८ पकड धरली तर गाडी सुमारे ७.९ मीटरमध्ये थांबते. दीडपट म्हणजे सुमारे ११.८ मीटर, पकड ०.५३. सडेकर दादा, तुमच्या फाइलमधला आकडा टायरच्या पकडीला गुणतो, म्हणून ०.९८ चे दोन तृतीयांश, ०.६५ पासून सुरुवात करा.

खात्री करायची तर जूनच्या पहिल्या सरीला आमच्या कॉलेजच्या बंद आवारात ब्रेक मारून अंतर मोजता येईल. परवानगी घेऊन, रस्त्यावर अजिबात नाही. एबीएस (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी सोय) असलेली गाडी हवी, म्हणजे टायर शिखराजवळ राहील आणि आकडे एकमेकांशी ताडता येतील. आधी सुक्यात मोजू, मग त्याच जागी सरीनंतर. काका, नवा आणि झिजलेला असे एकाच मापाचे दोन सेट दुकानातून मिळतील का?

टायरवाले काका (कुडाळ)

मिळतले. १७५/६५ आर १४ चे दोनय आसत. मोजूच्या आधी हवा थंड टायरार बघा आणि किती होती ता लिवन ठेवा.